खुन्याचं नाव शेवटच्या परिच्छेदात

मी एक कादंबरी वाचायचं ठरवलं. एवढाच माझा गुन्हा. पुढचं जे झालं ते इतरांनी केलं, असं मी अजूनही म्हणतो. (घरात म्हणत नाही. भाट्याच्या पुलावर फिरायला गेलो की म्हणतो.)

जूनअखेर मी निवृत्त झालो. चौतीस वर्षं रत्नागिरीत बातमीदारी केली. मालक बदलले, संपादक बदलले, मी मारुती मंदिरच्या त्याच टपरीवर त्याच बाकड्यावर होतो. अशा माणसाला एका दुपारी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवतात आणि म्हणतात, आता आराम करा. आराम म्हणजे नेमकं काय करायचं, याचा तपशील कुणी देत नाही. मी विचारला होता.

पहिल्या आठवड्यात मी आमच्याच घराची चौकशी केली. नळाचं पाणी सहाला येतं असं सांगतात आणि सहा बेचाळीसला येतं. डाळीच्या डब्यात रवा, रव्याच्या डब्यात सुया, आणि सुयांच्या डब्यात काय आहे यावर रेणुकाने, म्हणजे माझ्या बायकोने, बोलायला नकार दिला. दूधवाल्याला मी दुधाच्या पातळपणाबद्दल प्रतिक्रिया विचारली. त्याने दुसऱ्या दिवसापासून पिशवी फाटकावरच टांगायला सुरुवात केली.

"अहो," रेणुका म्हणाली, "तुम्ही घरात असलात की घरावर चौकशी समिती बसल्यासारखं वाटतं. काहीतरी वाचा."

"पेपर वाचतो की."

"तो वाचून तुम्ही भांडता. गोष्टीचं वाचा."

आता रेणुकाचा हा प्रांत. हायस्कुलात मराठी शिकवायची, माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झाली आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या गच्चीवर वाचनकट्टा भरवू लागली. तीसेक माणसं, त्यात पुरुष चार. त्यांचा एक हट्ट आहे. ज्या लेखकांना प्रकाशक मिळाला नाही, किंवा ज्यांनी प्रकाशकाची वाट बघितली नाही, त्यांचीच पुस्तकं वाचायची. स्वतः लिहिलेली, स्वतः छापलेली, काही तर नुसती मोबाइलवर. आणि त्यातही रहस्य, थरार आणि कालप्रवास. मी म्हटलं, कालप्रवासाचं मला कौतुक नाही. अकराच्या बैठका साडेबाराला सुरू होऊन त्यांची टिपणं दहालाच तयार झालेली मी आयुष्यभर पाहिली आहेत.

पण एक वाचली. आणि मला एक शोध लागला. या स्वतंत्र लेखकांच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्यांचा मोबाइल नंबर असतो. 'अभिप्राय जरूर कळवा.'

ज्या माणसाने उभी हयात लोकांना प्रतिक्रियेसाठी फोन लावले, त्याच्यापुढे असं पान ठेवू नये.

"नमस्कार. मोहिते बोलतोय, रत्नागिरी."

"बोला सर. आवडलं का पुस्तक?"

"पान ब्याण्णव. तुमचा खुनी सकाळी आठला मंडणगडहून एसटीत बसतो आणि दहाला रत्नागिरीत खून करतो."

"हो सर. तिथे वेग वाढतो."

"दोन तासांत मंडणगडहून रत्नागिरी? अहो, खेडला त्याला चहा तरी घेऊ द्या."

"सर, तो कालप्रवासी आहे."

"मग एसटीत कशाला बसला?"

फोन बंद झाला. पण मला चौतीस वर्षांची सवय. मी पुढचं पुस्तक उघडलं.

दिवाळीपर्यंत चौदा कादंबऱ्या झाल्या. नऊ लेखकांनी मला ब्लॉक केलं. एकाने त्याच्या नव्या कादंबरीत पहिल्याच प्रकरणात मोहिते नावाचा एक म्हातारा विहिरीत ढकलला. (विहिरीला कठडा होता की नाही, हे त्याने दिलेलं नाही.) आणि खरं सांगतो, मला व्यसन लागलं. गॅसवर बांगडे ठेवून मी सतराव्या शतकात गेलो आणि परत आलो तेव्हा बांगड्यांचे जीवाश्म झाले होते.

दिवाळीच्या सुट्टीत तेजस्वी सकपाळ आली.

तेजस्वी ही रेणुकाची जुनी विद्यार्थिनी. रेणुकाची पहिली नोकरी पोफळीला होती, आणि तेजस्वीचे वडील तिथे वीजघरात ऑपरेटर. मुलगी कॉलनीत वाढली, आता मंडणगड तालुक्यातल्या एका वस्तीशाळेवर शिकवते. डोंगरात शाळा, सतरा पोरं, आणि पोरं घरी गेल्यावर ही लिहीत बसते. तिने रिक्षातून तीन खोकी उतरवली.

"जय भीम, सर. बाई आहेत?"

"जय भीम. काय आणलंस एवढं?"

"कादंबरी आहे, सर. 'बोगदा क्रमांक शून्य'."

गोष्ट पोफळीचीच. साल एकाहत्तर. दिनकर नावाचा तरुण इंजिनिअर बोगद्याच्या तोंडाशी मेलेला सापडतो. बोगदा असा की, त्यात एका टोकाने शिरलेला माणूस दुसऱ्या टोकाने वेगळ्याच साली बाहेर पडतो. संशयित चार. कॉलनीचे डॉक्टर सामंत, स्टोअरकीपर, ठेकेदार आणि मेसचा आचारी. आणि खोक्यांतल्या प्रत्येक प्रतीच्या पाठीमागे एक खाकी लिफाफा डिंकाने चिकटवलेला.

"हे काय?" मी विचारलं.

"शेवटचं प्रकरण, सर. ते कुणीच आधी वाचायचं नाही. कट्ट्याच्या रविवारी सगळ्यांनी आधी चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहायचं, आणि मग एकदम लिफाफे फोडायचे."

"तुझ्या घरी तरी माहीत असेल."

"पाच वर्षं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. त्याने विचारायचं सोडलं." मग ती रेणुकाकडे बघून जरा हळू बोलली. "बाई, मी ठरवलंय. सगळ्यांनी ओळखलं तर समजायचं की आपल्याला जमत नाही, शाळा आहेच. नाही ओळखलं तर दुसरी सुरू करीन."

रेणुका म्हणाली, "नाही ओळखणार." आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की, मी लगेच खुर्ची सरकवायला उठलो.

तीस-एकतीस प्रती कट्ट्यावर वाटल्या गेल्या. उरलेल्या खोक्यांना जागा माझ्या खाटेखाली मिळाली. मलाही एक प्रत मिळाली, पण तिचा लिफाफा रेणुकाने आधीच सोलून स्वतःच्या कपाटात ठेवला. एकोणीस प्रकरणं मी दोन दिवसांत संपवली. मंडणगडच्या एसटीची वेळसुद्धा बरोबर होती. फोन करायला जागाच नाही. असं पुस्तक मला पहिल्यांदाच भेटलं.

आणि खाटेखाली दीडशे लिफाफे.

मी तीन दिवस झोपायचा प्रयत्न केला. चौतीस वर्षांत माझ्यासमोर बंद लिफाफा म्हणजे कुणीतरी माझ्यापासून काहीतरी लपवतंय, एवढाच अर्थ होता. शेवटी रेणुका बाजाराला गेली तेव्हा मी इडलीपात्र गॅसवर ठेवलं. (डिंक वाफेने सुटतो. ही विद्या मला एका फार मोठ्या अधिकाऱ्याच्या शिपायाने शिकवली आहे.) लिफाफा अलगद सुटला. अकरा पानं होती. मी तिथेच, ओट्याला टेकून वाचली.

दिनकरचा खून दिनकरनेच केला होता. सत्तर वर्षांचा झालेला दिनकर बोगद्यातून परत आला आणि त्याने चौतीस वर्षांच्या स्वतःलाच संपवलं. मेलेला माणूस सत्तरीचा कसा होईल, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. पण त्याचं उत्तर त्या अकरा पानांत असं चोख बसवलेलं होतं की, मी तीनदा वाचून तीनदा हरलो.

तेवढ्यात रेणुका आली. स्वयंपाकघरात वाफ, मी लालबुंद, डोळ्यांत पाणी.

"इडलीपात्र कशाला लावलंत?"

"छातीत कफ झालाय. वाफ घेत होतो."

तिचा चेहरा एकदम मऊ झाला. तिने पिशवी खाली ठेवली, माझ्या कपाळाला हात लावला आणि पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मला अडुळशाचा काढा पाजला. पापाची शिक्षा काढ्याने होत असती तर मी तिथेच सुटलो असतो.

पण खरी शिक्षा वेगळीच. माझ्याकडे बातमी होती आणि ती मला कुणाला सांगता येत नव्हती. मी मांडवीला चालत गेलो, परत आलो. भाट्याला गेलो, परत आलो. जेवताना घास तोंडात ठेवून थांबू लागलो. एकदा तर रेणुका म्हणाली, "तेजस्वीचा खुनी कोण असेल, हो?" आणि मला ठसका लागला. तिने काढ्याचं प्रमाण वाढवलं.

रविवार चार दिवसांवर आला तेव्हा तीच म्हणाली, "अहो, तुमच्या पेपरात कार्यक्रमाच्या चार ओळी द्या ना. कुठे, कधी, किती वाजता. चारच."

मी 'खाडीवार्ता'ला फोन लावला. आता तिथे शनिवारची पुरवणी केतन बघतो. केतनला मी घडवला आहे. हे तोही कबूल करतो, फक्त खासगीत.

"चार ओळी कशाला, काका? मी नव्या लेखकांवर पानच करतोय. सविस्तर लिहा."

सविस्तर. पाच महिन्यांनी हा शब्द कानावर पडला.

इथे मला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही मला मूर्ख समजाल. बातमीत महत्त्वाचं ते सगळं वर लिहायचं असतं, बिनमहत्त्वाचं खाली. कारण जागा कमी पडली की, पान लावणारा खालून कापतो. वाचत बसत नाही, सरळ कापतो. माझ्या बातमीचा शेवटचा परिच्छेद चौतीस वर्षांत एकदाही छापून आलेला नाही. एका मंत्र्याच्या दौऱ्यात तर माझं शेवटचं वाक्य 'मात्र' या शब्दाशी संपलं होतं.

तेव्हा मी विचार केला. ही बातमी माझ्या पोटात राहत नाही. राहिली तर मी खरंच आजारी पडेन. ती लिहिली पाहिजे. पण छापली जाता कामा नये. मग सगळ्यात सुरक्षित जागा कुठली? शेवटचा परिच्छेद.

मी पाच परिच्छेद लेखिकेबद्दल, पोफळीबद्दल, कार्यक्रमाबद्दल सभ्यपणे लिहिले. आणि सहाव्यात खुन्याचं नाव, वय, पत्ता आणि हेतू लिहून मोकळा झालो. लिहिल्याचं समाधान, छापल्याचं पाप नाही. पाठवून दिलं आणि त्या दुपारी महिन्याभरात पहिल्यांदा गाढ झोपलो. रेणुका शेजारणीला सांगत होती की, अडुळसा फार गुणकारी.

शनिवारी सकाळी फाटकात पेपर पडला. मी तिथेच उभा राहून उघडला.

'पोफळीच्या इंजिनिअरचा खून त्याने स्वतःच केला'. चार कॉलम. खाली लहान अक्षरात, 'सत्तराव्या वर्षी बोगद्यातून परतून तरुणपणच्या स्वतःलाच संपवले'. आणि त्याखाली माझा फोटो, निवृत्तीच्या वेळचा, शालीसकट.

मी तसाच बनियनवर रस्त्याच्या कडेला जाऊन केतनला फोन लावला.

"शेवटचा परिच्छेद का छापलास?"

"छापला नाही, काका. वर घेतला."

"अरे, तो कापायचा असतो."

"कापायचा प्रश्नच आला नाही. एक जाहिरात आली नाही, जागा उलट शिल्लक होती. आणि तुम्हीच तर शिकवलंत, मुख्य बातमी तळाला गाडणारा बातमीदार गाढव असतो म्हणून. मला वाटलं, आता वयामुळे..."

"वयामुळे काय?"

"काही नाही, काका. नाव मोठं दिलंय ना तुमचं?"

घरात शिरताना पेपर बनियनखाली होता. रेणुका चहा गाळत होती.

"पेपर आला नाही का आज?"

"नाही. संप आहे."

"कुणाचा?"

"पेपरवाल्यांचा. त्यांच्या काही मागण्या आहेत."

तेवढ्यात खालून आमच्या पेपरवाल्याने, भिकू गोताडने, हाक मारली. "सायेब, तुमचा फोटू आलाय. दोन अंक जास्ती ठेवू काय?"

मी जिना उतरलो. अंक घेतले. संपात फूट पडल्याचं वर येऊन सांगितलं. रेणुकाने चहा पुढे केला आणि काही विचारलं नाही. तिच्या डोक्यात त्या वेळी फक्त एकतीस खुर्च्या होत्या.

चूक झाली की ती दुरुस्त करण्याची आमच्यात एक रीत आहे. तिला खुलासा म्हणतात. मी पुन्हा केतनला गाठला आणि म्हटलं, उद्याच्या अंकात खुलासा टाक, मी सांगतो तसाच, एक शब्द बदलू नकोस. तो म्हणाला, "काका, पहिल्या पानावर चौकटीत टाकतो. तुमच्यासाठी एवढं करणारच." मी त्याला आशीर्वाद दिला. (परत घेतला आहे.)

रविवारचा पेपर मी लपवला नाही. ते औषध होतं, ते कशाला लपवू? रेणुकाने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं.

"'बोगदा क्रमांक शून्य या कादंबरीत इंजिनिअर दिनकर यांचा खून खुद्द दिनकर यांनीच सत्तराव्या वर्षी परत येऊन केला, हे आमचे वृत्त निराधार आहे. दिनकर यांचा या खुनाशी संबंध नाही. वाचकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.'" तिने पेपर खाली ठेवला. "हे काय आहे?"

"खुलासा."

"कशाचा?"

"कालच्या बातमीचा."

"काल संप होता."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. ते मला निवृत्तीला मिळालेलं आहे आणि वेळेवर कधीच उपयोगी पडत नाही.

"कालचा पेपर कुठे आहे?"

मी गादीखालून काढून दिला. तिने पूर्ण वाचला. वाचताना एकदा थांबून माझा फोटो बघितला, मग मला बघितलं, मग पुन्हा फोटो.

"तिचं शेवटचं प्रकरण तुम्हाला कळलं कसं?"

"इडलीपात्र," मी म्हटलं.

तिने पेपरची घडी केली. मग एवढंच म्हणाली, "तीन दिवस मी तुम्हाला काढा दिला." ती ओरडली असती तर मी प्रत्युत्तर दिलं असतं. ओरडणाऱ्या माणसांशी मी चौतीस वर्षं बोलत आलो आहे. ती उठून आत गेली आणि मोबाइल बघत बसली. कट्ट्याच्या ग्रुपवर सकाळपासून एक अक्षर नव्हतं. एरवी तिथे सात वाजता फुलं येतात, आठला सुविचार, नऊला कुणाच्या तरी नातीचा नाच. तीस माणसं, आणि शुकशुकाट.

एक वाजता मंडणगडच्या गाडीने तेजस्वी आली. बरोबर तिची आई, येसूबाई. नवं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत घरचे तांदळाचे लाडू, कट्ट्यावर वाटायला. मी दोघींना बसवलं, पाणी दिलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. इडलीपात्रासकट. माझ्या आयुष्यातली ही एकमेव बातमी, जिच्यात मी काही वाढवलं नाही.

तेजस्वीने दोन्ही पेपर घेतले. आधी शनिवारचा वाचला, मग रविवारचा, मग पुन्हा शनिवारचा.

"सर," ती म्हणाली, "मला साडेतीनशे पानं लागली. तुम्ही एका ओळीत बसवलंत."

मी रिकामे पेले गोळा करू लागलो. आणि हे रत्नागिरीत फार कमी लोकांनी पाहिलेलं आहे.

"मग आता काय गो, घरला जायचा?" येसूबाईंनी विचारलं.

रेणुका तेजस्वीला म्हणाली, "तू म्हणशील तसं. मी सगळ्यांना फोन करून रद्द करते."

"नको, बाई. पाच वर्षं ज्यांना सांगायचं म्हणून लिहिलं, त्यांची तोंडं तरी बघते. चिठ्ठ्या होऊ देत. मला कळू दे." मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "खुर्च्या वर नेल्यात का?"

खुर्च्या मी नेल्या. एकतीस, दोन मजले, चार-चारच्या थप्पीने. प्रत्येक फेरीला येसूबाई जिन्यात बाजूला होऊन म्हणत होत्या, "सावकाश, सायेब. तुमाला कफ हाय ना."

पाचला गच्ची भरली. सगळ्यांच्या मांडीवर पुस्तक, पुस्तकाला लिफाफा, आणि सगळे माझ्याकडे बघून लगेच समुद्राकडे बघत होते. मी पाण्याच्या टाकीला टेकून उभा राहिलो. खाली जायला जिना होता, पण जिन्यात रेणुकाने स्टूल टाकलं होतं.

रेणुकाने प्रास्ताविक केलं. पेपरचा उल्लेख केला नाही. चिठ्ठ्या लिहून झाल्या, स्टीलच्या डब्यात जमा झाल्या. तेजस्वी पुढे बसली आणि तिने पहिली चिठ्ठी उघडली.

"डॉक्टर सामंत," तिने वाचलं.

दुसरी. "स्टोअरकीपर."

तिसरी. "डॉक्टर सामंत." चौथी. "आचारी." पाचवी. "डॉक्टर सामंत, पैजेवर."

दहा झाल्या, पंधरा झाल्या. तेजस्वीचा आवाज हळूहळू मोकळा व्हायला लागला. एका चिठ्ठीपाशी ती अर्धं मिनिट थांबली, वाचली नाही, घडी करून बाजूला ठेवली आणि पुढे गेली. ठेकेदार सहा, आचारी चार, स्टोअरकीपर नऊ, डॉक्टर अकरा. डबा रिकामा झाला.

आता कुणीही समजदार माणूस इथे गप्प बसला असता. पण माझ्या मनाला ते लागलं. चार कॉलम, फोटो, पहिल्या पानावर चौकट, आणि एकाही माणसाने वाचू नये? हे माझं गाव?

"एक मिनिट," मी टाकीपासून म्हटलं. "कालचा 'खाडीवार्ता' कुणीच वाचला नाही?"

गच्चीवरचे जवळजवळ सगळे हात वर गेले.

"वाचला ना, मोहिते," यमुनाबाई म्हणाल्या. त्या पोस्टातून निवृत्त झालेल्या, स्पष्ट बोलणाऱ्या. "म्हणून तर वाचले. मी आधी दिनकरच लिहिणार होते. परवापर्यंत मला त्याचाच संशय होता."

"मग?"

"मग तुमची बातमी आली. तुम्ही लिहिलंत म्हटल्यावर तो नसणार, हे नक्की झालं."

"कसं नक्की झालं?"

"अहो, तुम्ही आरे-वारेला रोपवे येणार म्हणून लिहिलं होतंत. आमच्या भावाने त्या खांबांच्या जागेत नऊ वर्षं कलमं लावली नाहीत."

"तेव्हा अधिकृत सूत्रांनी..."

"आणि आमच्या साळव्यांना तुम्ही श्रद्धांजली वाहिली होतीत," मागून कुणीतरी म्हणालं. "ते बघा, ते तिसऱ्या रांगेत बसलेत."

साळव्यांनी हात जोडले.

"आणि मेलेला माणूस सत्तरीचा कसा होईल?" यमुनाबाई म्हणाल्या. "तुमच्याशिवाय कुणी छापलं नसतं."

मी चिडलो. चिडायचा मला हक्क होता. "पण मग आजचा खुलासा? मी लिहिलेलं खोटं धरायचं, तर खुलासाही खोटा धरा. मग दिनकरच येतो. काहीतरी तर्क असेल की नाही तुमच्याकडे?"

यावर दर्शन उभा राहिला. हा बँकेत आहे आणि कट्ट्यावरचा एकमेव माणूस जो टिपणं काढतो.

"त्याचा आम्ही विचार केला, काका. ग्रुपवर नाही, फोनवर. तुम्हाला दिसायला नको म्हणून. पण तुमचे खुलासे बरोबर असतात. आम्ही मागचे सगळे आठवून पाहिले. बातमी चुकते, पण खुलासा आजवर एकदाही चुकलेला नाही."

टाळ्या पडल्या. मला वाटतं, मनापासून पडल्या.

मग रेणुकाने खूण केली आणि एकतीस लिफाफे एकदम फाटले. अकरा पानं वाचायला माणसाला पंधरा मिनिटं लागतात. त्या पंधरा मिनिटांत गच्चीवर फक्त पानांचा आवाज होता आणि खाली कुणाचा तरी कुकर. मग एकेक मान वर यायला लागली. यमुनाबाईंनी पहिलं पान पुन्हा उघडलं, शेवटचं पान पुन्हा वाचलं आणि तोंडाला पदर लावला. दर्शन आपली टिपणं खोडत होता. साळवे म्हणाले, "म्हणजे तो मेला, आणि तरी..." आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला. येसूबाईंना वाचता येत नाही, त्या फक्त लोकांचे चेहरे बघत होत्या आणि पदराने डोळे पुसत लाडूंची पिशवी सोडत होत्या.

तेजस्वीला सगळ्यांनी गराडा घातला. ती हसत होती, रडत होती, दोन्ही. मी लांबूनच ऐकलं, ती रेणुकाला म्हणाली, "बाई, दुसरी आजपासून सुरू."

मग तिला ती बाजूला ठेवलेली चिठ्ठी आठवली.

"एक उत्तर मात्र बरोबर आलंय," तिने जाहीर केलं. "दिनकर. आनंदीबाई."

सगळे वळले. आनंदीबाई पहिल्या रांगेत, ऐंशीच्या पुढच्या, ऐकायला जरा कमी. खालच्या आळीतून रिक्षाने येतात. रेणुका त्यांच्या कानाशी वाकली. "आनंदीबाई, तुम्ही दिनकरच कसा लिहिलात?"

"अगो, पुस्तकात सगळं सरळ दिसत होतं की. तुम्हाला दिसलं नाही?"

"आणि काल ती पेपरात बातमी आली, ती वाचून तुम्हाला शंका आली नाही?"

"कुठच्या पेपरात?" आनंदीबाई म्हणाल्या. "आमच्याकडे दुसरा येतो."

गच्चीवर हशा पिकला. मी टाकीच्या मागे सरकत होतो, तेवढ्यात तेजस्वी लाडू घेऊन माझ्याकडे आली. दुपारपासून पहिल्यांदाच ती माझ्याकडे सरळ बघत होती, आणि अगदी गंभीरपणे.

"सर," तिने विचारलं, "माझं दुसरं पुस्तक यायच्या आत आनंदीबाईंकडे तुमचा पेपर सुरू करता येईल का?"